फोटोची डावी कड

दुखानच्या कँपात माझ्याइतकं सुंदर ‘नाही’ कोणी लिहीत नसे. हे मी माझ्याच तोंडानं सांगतोय, कारण सांगणारं दुसरं कोणी आता उरलेलं नाही. कतारच्या पश्चिम किनाऱ्यावर तेलाच्या विहिरींच्या मधोमध कंपनीचा तो कँप होता आणि मी तिथं स्टोअरमध्ये कारकून. स्टोअरच्या कारकुनाचं निम्मं आयुष्य नाही म्हणण्यातच जातं. पंख्याचं पातं नाही, दुसरी गादी नाही, साबण पुढच्या महिन्यात. पण तोंडानं नाही म्हटलं की माणूस भांडतो. मी ते इंग्रजीत टाईप करून द्यायचो, ‘आपल्या मागणीचा साकल्याने विचार करता’ अशी सुरुवात करून. माणूस तो कागद उलटसुलट बघत, गादी मिळाल्याच्या थाटात परत जायचा.

या कीर्तीमुळे लोक खाजगी पत्रंही माझ्याकडून लिहून घेत. साठ साल अजून उजाडायचं होतं. एका दुपारी हंगेरियन मेकॅनिक आला. त्याच्या देशात रशियन रणगाडे शिरले तेव्हा तो बर्फातून सरहद्द ओलांडून पळाला, इंग्लंडात पोचला आणि तिथून कंपनीनं त्याला आमच्याकडे ड्रिलिंगच्या यंत्रांवर पाठवला. हात सोन्याचे, इंग्रजी कथलाचं. त्याच्या हातात घडी घातलेलं एक पत्र होतं.

“दोस्त,” तो म्हणाला, “इंग्लंडहून एक बाई लिहिते. फोटो मागते. माझ्याकडे फोटो नाही. तू लिही, नाही.”

बाई, फोटो आणि पळून आलेला पुरुष. माझ्या अकलेनं एवढ्यावर अख्खी प्रेमकथा रचली. मी त्याला डोळा मारला. त्यानं उलट मारला नाही. तिथंच मला काहीतरी खटकायला हवं होतं, पण मी तोवर कागद चढवून मोकळा झालो होतो.

ते पत्र मला अजून पाठ आहे. ‘आपल्या पत्राच्या संदर्भात कळविण्यात येते की, कसून तपास केला असता सदर छायाचित्र अस्तित्वात नाही व पूर्वीही कधी नव्हते असे आढळून आले.’ तपास कोणी केला, कुठं केला, काही नाही. पण वाक्य कसं भरदार. आणि मग शेवटी, हात गरम झालेला असल्यामुळे, मी आणखी एक ओळ ठोकली: ‘या विषयावर यापुढे पत्रव्यवहार करू नये.’ ही ओळ त्यानं सांगितलेली नव्हती. ती संपूर्णपणे माझी.

त्यानं सही केली, बिस्किटांचा एक डबा टेबलावर ठेवला आणि गेला. पत्र कंपनीच्या टपालथैलीतून लंडनच्या वाटेला लागलं. बिस्किटं मी आणि मेसमधला रत्नागिरीचा खानसामा, आम्ही दोघांनी चहात बुडवून संपवली. वयानं मोठा म्हणून मी त्याला चाचा म्हणत असे.

चार दिवसांनी जोराचा वारा सुटून ऑफिसात वाळू शिरली. टाईपरायटर उचलून झाडायला घेतला तर खाली त्या बाईचं पत्र. तो विसरून गेला होता. कारकून कागद वाचल्याशिवाय फायलीत घालत नाही. मी वाचलं.

तिनं सुरुवातच अशी केली होती: मी इंग्रजीत लिहिते आहे, कारण आपली भाषा मी आता लिहीत नाही. पुढं होतं की तुमचं आणि आमचं घर एकाच विहिरीवर. तुझ्या बहिणीच्या लग्नात माझ्या आईनं अक्रोडाचे आणि खसखशीचे रोट भाजून दिले होते. लग्नाचा जो फोटो तुमच्या घरात दारासमोर लावलेला असायचा, त्यात अगदी डाव्या टोकाला, तुझ्या आईशेजारी माझी आई उभी आहे. गावातून आम्हा यहुद्यांना नेलं त्यानंतर माझ्याकडे तिचा एकही फोटो राहिला नाही. तिच्या भुवया मध्ये जुळत होत्या की नाही, हे मला आता आठवत नाही. मी घर मागत नाही. शिलाई मशीन मागत नाही. रजया मागत नाही. फोटो पाठव, मी नक्कल करून घेईन आणि तो परत पाठवीन.

खाली लिहिलं होतं की गावच्या पाद्र्यानं तुझा पत्ता कळवला, त्याच्यावर रागावू नकोस.

मी हे वाचून काय केलं? सांगायला लाज वाटते. मला ‘नेलं’ हा शब्दच कळला नाही. आमच्या खाडीकाठच्या गावात आमच्या कुडाच्या कुंपणाला लागून यहुद्यांचंच घर होतं. कुलाबा जिल्ह्यात अशी घरं गावोगाव. पण त्यांना आम्ही यहुदी कुठं म्हणत होतो, आम्ही म्हणायचो शनवार तेली. शनिवारी घाणा बंद, बैल मोकळा, चूल थंड. तेलीणमावशी नऊवारी नेसायची, आमच्या आईशी कुडावरून तासन् तास बोलायची, आणि नवस फेडायचा झाला की मलिदा करायची. पोहे, गूळ, ओलं खोबरं. आमच्याकडेही पिराला मलिदाच. त्यांचा नबी वेगळा, नारळ मात्र दोघांचे एकाच वाडीतले. यहुदी म्हटलं की मला तिळाच्या तेलाचा वास यायचा. हिटलरचं नाव ऐकलं होतं, पण महायुद्ध म्हणजे आमच्या गावात रॉकेलची टंचाई, यापलीकडे फार काही नाही. त्यामुळे तेलीणमावशीला कोणी ‘नेलं’ असं वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो असा, की कुठं, लग्नाला?

तरी पत्रात काहीतरी असं होतं की ते हातात धरवेना. मी वर्कशॉपमागच्या पडवीत गेलो. हंगेरियन रॉकेलनं हातावरचं ग्रीस काढत बसला होता.

“तुमच्या गावचे यहुदी काय करायचे?” मी विचारलं. “तेल गाळायचे?”

“तेल?” त्यानं वर बघितलं. “दुकान. मीठ, खिळे, रॉकेल. तू का विचारतोस?”

“त्यांना नेलं म्हणजे कुठं नेलं?”

त्यानं चिंधी घेतली आणि एकेक बोट पुसत सांगितलं. माणूस पीकपाण्याचं सांगतो तसं. चव्वेचाळीस साल, आपल्याकडे वैशाख असतो ते दिवस. टोपीत कोंबड्याची पिसं खोवलेले शिपाई आले. जर्मन का, मी विचारलं. नाही, आमचेच, तो म्हणाला, त्या दिवशी गावात जर्मन मी एकही पाहिला नाही. हुकूम कुठून आला होता ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण दारं ठोठावली ती आमच्याच लोकांनी. बांधाबांध करायला थोडा वेळ दिला. गाव कुंपणाशी येऊन उभं राहिलं. मग बैलगाडीत, शहराबाहेरच्या वीटभट्टीत. तिथून रेल्वे.

“मग?”

“मग काय. रेल्वे.”

त्या ‘रेल्वे’चा अर्थ त्यानंच दोन वाक्यांत सांगितला. ती दोन वाक्यं मी इथं लिहीत नाही. आज सगळ्यांना माहीत आहेत, मला तेव्हा नव्हती. 

“गाडी वळणावर पोचली नव्हती,” तो म्हणाला, “आई त्यांच्या परसात गेली. सहा बदकं होती. उपाशी मेली असती.”

“आणि मशीन?”

“मशीन मी आणलं. पाठीवर. फार जड होतं. दुसऱ्यांनी रजया नेल्या. एकानं दार नेलं. बिजागऱ्यांसकट.” तो थोडा हसला. दाराचं त्यालाही जरा अति वाटलं असावं. “आम्ही नसतं घेतलं तर कोणी घेतलंच असतं.”

“ही बाई वाचली कशी?”

“वाचली. पुढच्या वर्षी आली. एकटीच. केस एवढे,” त्यानं बोटाचं पेर दाखवलं. “आई घाबरली. मशीनवर चादर टाकली. हिला बसवलं, पेलाभर दूध दिलं. ती चादरीकडे बघत दूध प्यायली. चादरीखालून मशीनचं चाक दिसत होतं. मग गेली. तिनं मागितलं नाही. मागितलं असतं तर दिलं असतं.”

“आता मागतेय,” मी म्हणालो. “मशीनही नाही. फोटो.”

“आज फोटो, उद्या घर,” तो म्हणाला. “आई अजून तिथं राहते. आमच्या घराची भिंत आम्ही त्यांच्या बाजूला सरकवली आहे. तुला कळत नाही. आणि फोटो नाहीच माझ्याकडे.”

त्या क्षणी मी काही करारी बोललो असतो तर हे लिहायला बरं वाटलं असतं. मी म्हणालो, “बरं.” माझ्या तोंडून खरंच ‘बरं’ निघालं. राग आला तो परत येताना, मेसच्या दारात. मग इतका आला की चाचासमोर मी पाण्याचा जग टेबलावर आपटला आणि त्याचा दांडा माझ्याच हातात राहिला.

चाचानं सगळं ऐकून घेतलं. तो कांदा चिरत होता.

“त्याच्यावर कशाला चिडतोस, कारकूनभाय?” तो म्हणाला. “त्यानं नाय म्हटलं. ते लिवलं कुनी?”

“मला काय माहीत होतं, चाचा?”

“माहीत नव्हतं तर गप बसायचं होतं. वर ती शेवटची ओळ कुनाची? पुन्यांदा लिवू नको म्हनून? तुझी. लई हुशार मानूस तू. त्यानं दार लावलं, तू वरनं कडी घातलीस.” मग त्यानं सुरी खाली ठेवली. “ती बिस्किटं आपन खाल्ली रे.”

मी त्या आठवड्यात कोणाशी धड बोललो नाही. रागाला जागा कमी पडली की तो घरच्यांवर निघतो, तसा माझा गावाकडे वळला. तेलीणमावशीचं कुटुंब दोन-तीन वर्षांपूर्वी मुंबईला आणि तिथून इस्राएलला गेलं होतं. घर आणि जागा रीतसर आमच्या वडिलांना विकून. निघताना दोन्ही घरच्या बायका रडल्या होत्या, आणि जेटीपर्यंत पोचवायला अर्धा गाव गेला होता. व्यवहार झाला तेव्हाच भावानं मधला कुड काढून टाकला होता. मी तावातावानं भावाला पत्र लिहिलं: कुड ताबडतोब पूर्ववत उभारणे. भावाचं उत्तर आलं: ‘कुड मावशीनं स्वतः उभं राहून काढायला लावला, तू तेव्हा रजेवर घरीच होतास आणि तूच दोन खांब उपटलेस. उन्हात टोपी घालत जा.’

त्याचं म्हणणं बरोबर होतं. दोन गोष्टी एक नव्हत्या, आणि मी स्वतःची शरम कुठंतरी वाटून टाकायला गिऱ्हाईक शोधत होतो. पण एक खरं. त्या पत्रानंतर रोज मनात येई, की आमच्या गावात टोपीत पिसं खोवलेले शिपाई आले असते तर मी कुडाच्या कुठल्या बाजूला काय करत उभा असतो? स्टोअरमधला मी, साहेबानं यादी मागितली की तीन प्रतींत करून देणारा. याचं उत्तर मला आवडत नसे, म्हणून राग आणखी चढे.

मग आली वर्षाची मोजदाद. सीनियर स्टाफच्या प्रत्येक खोलीत जायचं, सामान बघायचं, यादी टाईप करायची, राहणाऱ्याची सही घ्यायची. खाट एक, गादी एक, पंखा एक, आरसा एक. हंगेरियनच्या खोलीत तो होताच, खाटेवर बूट काढत बसलेला. मी आरसा लिहिला आणि नजर शेजारी गेली.

आरशाशेजारी काचेच्या चौकटीत लग्नाचा फोटो.

शेतातलं घर, पुढं बाकं, मधोमध नवरानवरी, मागं वीसेक माणसं. डाव्या टोकाला डोक्याला रुमाल बांधलेली एक जाड बाई, नाक हुबेहूब त्याचं. तिच्या खांद्यावर एक हात होता. बोटं पसरून, लाडानं ठेवलेला. हाताला पुढं बाई नव्हती. फोटो त्या बाजूनं आत दुमडून चौकटीत बसवला होता, आणि घडीची जाडी काचेखाली फुगली होती.

बर्फातून जीव घेऊन पळताना माणसानं हा फोटो छातीशी धरून आणला होता. आणि मी लिहिलं होतं, अस्तित्वात नाही.

 माझा स्वतःवर विश्वास नव्हता, तोंड उघडलं असतं तर पुन्हा ‘बरं’ म्हणालो असतो. मी फक्त यादीत आरशाखाली एक ओळ वाढवली: ‘छायाचित्र, काचेच्या चौकटीसह, नग एक.’ त्यानं न वाचता सही केली. कोणीच कधी वाचून करत नसे. त्या सहीनं तो फोटो कंपनीचा झाला. कारकुनाच्या हातात दुसरं काय असतं? आठवड्यानं तो पंधरा दिवसांसाठी दूरच्या विहिरीवर कामाला गेल्यावर मी रीतसर फॉर्म भरला, ‘चौकटीची काच सैल, दुरुस्तीसाठी जमा’, आणि चौकट पिशवीत घालून शुक्रवारच्या बसनं दोह्याला गेलो.

सूक वाकिफ बाजाराच्या तोंडाशी एका इराण्याचा फोटो स्टुडिओ होता. तो काही वर्षं मुंबईत राहिलेला, त्यामुळे आमचं हिंदीत जमे. त्यानं चिमट्यानं घडी उलगडली. अरुंद बांध्याची बाई, अंगात मोठ्या मापाचा कोट. हसत होती, दात दिसतील एवढी. भुवया जुळत नव्हत्या. आणि डोळे मिटलेले. फोटो काढणाऱ्यानं नेमका तो क्षण धरला होता.

“काही हरकत नाही,” इराणी म्हणाला. “उघडून देतो.”

“म्हणजे?”

“निगेटिव्हवर पेन्सिलीनं. साहेब, माझ्याकडे येतात त्यातल्या निम्म्यांचे डोळे उन्हानं मिटलेले असतात. मी कितीजणांचे उघडले. मागच्या महिन्यात एका मेलेल्या सासऱ्याचे उघडले. मुलगी रडली आनंदानं.”

शहाण्या माणसानं इथं विचार केला असता. मी म्हणालो, “उघडा.” मला वाटलं, या बाईचं एवढं गेलंय, आईची नजर तरी तिला मिळू दे. उदार झालो मी, दुसऱ्याच्या आईच्या चेहऱ्यावर.

पुढच्या शुक्रवारी त्यानं फोटो दिला तेव्हा मी खूश झालो, हे लिहून ठेवतो. तिला त्यानं लांब पापण्यांचे, टपोरे, काजळ घातल्यासारखे डोळे दिले होते. एखादी नटी शेतकऱ्याच्या लग्नाला येऊन उभी राहावी तशी ती दिसत होती. मी नक्कल इंग्लंडला पाठवली, सोबत दोन ओळी, आणि सही केली ‘एक हितचिंतक’. नाव घालायची छाती झाली नाही. पत्ता मात्र स्टोअरचा दिला. मूळ फोटो चौकटीत परत घातला, पण दुमडला नाही. ती घडी पुन्हा घालणं माझ्या बोटांना जमेना. काचेखाली कडेनं पुठ्ठ्याची रुंद पट्टी होती ती काढून टाकली, तेव्हा कुठं ती सगळी मंडळी आत मावली, आणि चौकट आरशाशेजारी टांगून आलो.

दुसऱ्या दिवशी विहिरीवरून परतलेला हंगेरियन चौकट घेऊन स्टोअरच्या खिडकीशी.

“माझ्या खोलीत कोण आलं?”

“कंपनी,” मी म्हणालो. “तुमची सही आहे. नग एक.”

“तू तिला पाठवलास.”

“पाठवला.”

“तू मूर्ख आहेस. आता ती घर मागेल.”

“मागू दे. तिचंच आहे.”

इतकं साधं वाक्य बोलायला मला दोन महिने लागले होते. त्यानं खिडकीच्या फळीवरच चौकट उघडली, फोटो काढला आणि माझ्यासमोर त्या बाईला पुन्हा मागं दुमडली, नखानं घडी दाबून दाबून.  रांगेत मागं उभा असलेला माणूस म्हणाला, “यल्ला, आटपा, साबण द्या.”

बाईचं उत्तर आलं. वर ‘हितचिंतकास’ एवढंच. ‘फोटो मिळाला. कोट माझ्या वडिलांचा, तो मी ओळखला. हात ओळखला. भुवया कळल्या. पण हे डोळे कोणाचे आहेत? ज्यांनी हे केलं त्यांनी दया करून मूळ होतं तसं पाठवावं. माझ्या आईच्या अंगावर दुसऱ्या कोणाचं काही नको.’

मी ते पत्र घेऊन इराण्याकडे गेलो नाही, त्याच्याकडे आता काही नव्हतंच. निगेटिव्हवरची पेन्सिल त्यानं वार्निश लावून पक्की केली होती. ती खरी बाई जगात एकाच ठिकाणी उरली होती, दुखानच्या कँपात, आरशाशेजारी, घडीच्या मागं.

मी त्याच्या खोलीवर गेलो. या खेपेला फॉर्म नाही, यादी नाही. दार ठोठावलं आणि पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. अडेल तिथं हातवारे केले. इराण्याचं सांगितलं, माझ्या शहाणपणाचं सांगितलं. तो ऐकताना हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही.

“डोळे,” तो म्हणाला. “ती फोटोत नेहमी मिटायची. माझी बहीण चिडली होती तिच्यावर. लग्नाचा एकच फोटो आणि तू त्यात झोपलीस म्हणून.”

क्षणभर वाटलं, हा माणूस आता चौकट उचलून माझ्या हातात देणार. त्यानं उचलली. फोटो बाहेर काढला, टेबलावर सपाट केला. दाढीचं पातं घेतलं. मी ‘अहो’ म्हणेपर्यंत त्यानं घडीवरून वरपासून खालपर्यंत पातं फिरवलं होतं. स्वच्छ, सरळ. हात सोन्याचेच होते.

“घे,” त्यानं ती बोटभर रुंद पट्टी माझ्यापुढं केली. “तिचं तिला. आमचं आम्हाला.”

पट्टीवर ती होती, मिटल्या डोळ्यांनी हसणारी. तिचा डावा हात मनगटाशी संपत होता. पंजा चौकटीतच राहिला होता, त्याच्या आईच्या खांद्यावर.

“आणि हात?” मी म्हणालो.

“खांदा माझ्या आईचा आहे.”

“हात तिच्या आईचा आहे.”

“मग मी काय करू? आईचा खांदा कापू?”

मी त्याच्याशी भांडलो. इंग्रजीत, हिंदीत आणि शेवटी मराठीत, खाडीकाठच्या मराठीत, ज्यातल्या शिव्या तेलीणमावशीच्या सासूकडून मी शिकलो होतो. त्याला एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. तो चौकट बंद करत होता. फोटो आता नीट बसत होता, कुठं फुगत नव्हता. त्याला खरोखर वाटत होतं की त्यानं न्याय केला. बदकं, मशीन, भिंत, सगळं ठेवून घेऊन तो मला बोटभर कागद देत होता आणि आभाराची वाट बघत होता. आजही कोणी ‘झालं गेलं, आता अर्धं अर्धं करू’ म्हणालं की माझ्या कानशिलात ठोके पडतात.

पट्टी मी दोन पुठ्ठ्यांत घालून पाठवली. या खेपेला नाव घातलं, हुद्दा घातला. लिहिलं की पहिलं पत्र मी टाईप केलं होतं, आणि यापुढे लिहू नका ही ओळ त्याची नसून माझी होती. डोळेही मीच उघडवले. हाताबद्दल लिहिलं. चार वेळा कागद फाडला, कारण दर वेळी वाक्य आपोआप सुंदर होत होतं. शेवटी चाचाला मराठीत वाचून दाखवलं.

“कसं वाटतं?”

“वाईट वाटतं,” तो म्हणाला. “तसंच ऱ्हाऊ दे. धाड.”

दीड महिन्यानं उत्तर आलं. दोन ओळी. ‘मिळाली. हीच ती.’ खाली सही. माझ्याबद्दल एक शब्द नाही, क्षमा नाही, शिवी नाही. मला शिवी चालली असती.

कोणाला काय टपाल आलं हे कँपात लपत नाही. संध्याकाळी हंगेरियन खिडकीशी आला. साबण नको होता, पातं नको होतं. 

“काय लिहिलंय?” त्यानं विचारलं. “घर मागितलं?”

मी पत्र खिशात घातलं.

“मागितलं,” मी म्हणालो.

त्याचा चेहरा उतरलेला मी बघितला. “कधी येणार?”

“ते लिहिलेलं नाही.”

तो गेला. तिच्या तोंडी मी पुन्हा एकदा, तिला न विचारता, माझे शब्द घातले होते. हे चुकलंच. तिनं काही मागितलं नव्हतं, आणि ती किती थोडं मागते हेच तर तिच्या पत्रात होतं. पुढं वर्षभर, म्हणजे त्याची बदली होईपर्यंत, टपालाची थैली आली की तो स्टोअरच्या आसपास घुटमळायचा. खरं काय ते त्याला सांगावं असं मला दोन-तीनदा वाटलं. मी सांगितलं नाही.